डेल्फीचा दगड आणि घरची चीज

खेळाच्या मैदानाशी गवयाच्या मुलाचे काय काम, असे वाचक विचारतील. मीही तेच विचारीत होतो. पण धाकट्या भावाने आग्रहाने ग्रीसच्या जलपर्यटनाला नेले. लहानपणी तालमीची वेळ झाली की हा मैदानावर पळे. गाणे त्याने कधी केले नाही. काताकोलो बंदरात बोट लागताच ऑलिंपियाला जाण्याची घाई त्यालाच अधिक.

ऑलिंपियाला दगडी कमानीखालून आत शिरले की समोर सुमारे १९२ मीटर लांबीची मातीची धाव, आणि भोवती गवताचे उतार. या उतारांवर चाळीस हजारांवर माणसे बसत. परंपरेने इथली पहिली शर्यत इ. स. पू. ७७६ची. भाऊ पन्नाशीकडे झुकलेला, तरी बूट काढून धावला! मी सावली शोधीत होतो, तोच वाटाड्या बाईंनी सांगितले की, लांब उडीच्या वेळी इथे आउलोस वाजवीत. हे सनईच्या जातीचे, दोन नळ्यांचे वाद्य. इ. स. पू. ३९६ पासून तर तुतारी फुंकणाऱ्यांचीही इथे स्पर्धा होई. माझे कान टवकारले.

पुढे इतेआ बंदरातून डेल्फीला गेलो. पार्नासस डोंगराच्या कुशीत खाली देऊळ, वर नाट्यगृह, आणि सर्वांत वर दगडी पायऱ्यांचे क्रीडांगण. मौज अशी की, इथली मूळ स्पर्धा धावण्याची नव्हेच. ती अपोलो देवाचे स्तोत्र गाण्याची. शरीरबळाचे खेळ मागाहून आले. आर्गोसचा साकादास आउलोसवादनात लागोपाठ तीन वेळा जिंकला. देवाने अजगर मारल्याची कथा तो नुसत्या स्वरांतून उभी करी. आज त्याचे नाव आहे; त्याचा एकही स्वर नाही.

आणि तिथल्याच संग्रहालयात दोन शिळा आहेत. इ. स. पू. दुसऱ्या शतकात अथेन्सकरांनी आपल्या कोषागाराच्या भिंतीवर अपोलोची दोन स्तोत्रे कोरली, आणि शब्दांबरोबर स्वरांची चिन्हेही. १८९३ साली ती सापडली. मधले तुकडे निखळले आहेत. उरलेले आजही गाता येते.

मी तिथून हलेना. आमचे वडील राजवाड्यात गायनसेवा करीत. ठेवणीतल्या चिजा ते कागदावर उतरवू देत नसत. ज्या बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढून स्वरलेखन शिकविले, त्याच गावात आमच्या घरी वहीची चोरी! वडील गेले, आणि त्यांची एक लाडकी चीज माझ्यापाशी अस्ताईपुरतीच उरली. अंतरा गेला. शिष्यांना तो येत नाही असे सांगताना आजही मान खाली जाते.

त्या रात्री बोटीवर मी अस्ताई लिहावयास बसलो. गुणगुणत लिहीत होतो. शेजारी समुद्राकडे पाहत बसलेला भाऊ सहज पुढची ओळ म्हणून गेला. स्वर डळमळीत, पण अंतरा तोच!

"तुला कसा येतो?" मी विचारले.

"दादा, मी पळायचो खरा; पण अण्णा अंतऱ्यावर येईपर्यंत दाराबाहेर थांबून मग."

दोन ओळी मिळाल्या. तिसरी त्यालाही आठवेना. तेवढी जागा वहीत कोरी सोडली आहे.