विश्लेषण : रेल्वे बेटावरून जाते, तरी पाणजूला होडीच का?

नायगावहून लोकल भाईंदरकडे निघाली की वसईची खाडी लागते आणि खाडीच्या मधोमध एक हिरवं बेट खिडकीबाहेरून सरकून जातं. ते पाणजू. गाव वसई तालुक्यातलं, पण ग्रामपंचायत स्वतंत्र. शेजारच्या वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ मध्येच १२ लाख २२ हजारांवर होती. पाणजूच्या दक्षिणेला रेल्वेचा ७३ क्रमांकाचा पूल, उत्तरेला ७५ क्रमांकाचा. दिवसभर गाड्या जातात, थांबत एकही नाही. रस्ताही नाही. नायगाव गाठायचं तर होडी.

होडी मिळाली नाही तर?

मग रेल्वे पूल. रुळांशेजारून चालत जायचं आणि गाडी आली की अंग चोरून उभं राहायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये असंच पुलावरून जाणाऱ्या पाणजूच्या एका तरुणाला धावत्या लोकलमधून फेकलेला नारळ लागला आणि त्यात त्याचा जीव गेला. लोकलमधून खाडीत निर्माल्य टाकताना खाली कुणी चालत असेल, हे सहसा कुणाच्या मनातही येत नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे. म्हणजे रात्री-अपरात्री घर गाठायचं तर जीवही धोक्यात आणि कायदाही मोडलेला.

कागदावर अंतर किती?

फारसं नाही, आणि खरी गोम इथेच आहे. जनगणनेच्या ग्राम निर्देशिकेत प्रत्येक गावासाठी बस, रेल्वे स्थानक, बोटसेवा अशा सुविधांची नोंद असते. सुविधा गावात नसेल, तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा किलोमीटरवर की त्यापलीकडे, एवढंच लिहिलं जातं. पाणजूचं स्थानक पहिल्या गटात बसतं. मधल्या पाण्यासाठी रकाना नाही.

खाडीत अंतर मोजायचं ते वेळेने. ओहोटीला काठाशी चिखल उघडा पडतो, होडी धक्क्याला लावणं कठीण होतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कामावर हजर होण्याची वेळ मात्र तीच राहते. पावसाळ्यातल्या वाऱ्या-वादळाचं तर विचारूच नका.

ग्रामसडक योजनेतून रस्ता का नाही?

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत वस्तीची पात्रता लोकसंख्येवर ठरते : सपाट प्रदेशात ५००, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०. पण पाणजूला रस्ता नाही, पूल हवा. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सपाट प्रदेशातल्या पुलाची मर्यादा १५० मीटर होती. एवढ्यात ही खाडी ओलांडता येत नाही.

मोठा पूल उरतो तो एमएमआरडीएच्या भाईंदर-नायगाव प्रस्तावातला. त्याची चर्चा दशकभराहून जुनी. वाटेत कांदळवन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक प्रकल्पासाठीही ते तोडायचं तर न्यायालयाची परवानगी लागते. शिवाय पूल बेटावरून जाणं वेगळं आणि बेटावर उतरणं वेगळं. रेल्वेचा पूलही बेटावरूनच जातो. म्हणून आराखडा येईल तेव्हा आधी पाहायचं ते एवढंच, की पाणजूसाठी उतार ठेवलाय का.

नव्या जनगणनेत काय होईल?

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. माणूस मोजला जातो तो नेहमी राहतो तिथे. शिक्षणासाठी किंवा रात्रपाळीमुळे ज्यांनी नायगावात भाड्याची खोली घेतली, ते नायगावकर म्हणून मोजले जातील. असं प्रत्येक कुटुंब पाणजूच्या आकड्यातून वजा होतं, आणि पुलाचा खर्च किती माणसांसाठी करायचा, हा प्रश्न त्याच आकड्याकडे बघून विचारला जातो.