औषध शुद्ध करणारी नळी मोठी करायची, तर ती उंच का करत नाहीत?

शाळेत फिल्टर पेपरवर काळ्या स्केचपेनचा ठिपका देऊन कागदाचं टोक पाण्यात बुडवलेलं आठवतंय? पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा असे रंग वेगळे होतात. हीच क्रोमॅटोग्राफी. कॅन्सरवरची अँटिबॉडी औषधं शुद्ध करायलाही हीच पद्धत वापरतात. फक्त कागदाऐवजी बारीक मण्यांनी, म्हणजे रेझिनने, भरलेली नळी असते. तिला म्हणतात कॉलम.

प्रयोगशाळेतला कॉलम बोटाएवढा. समजा, व्यास १ सेंटिमीटर आणि मण्यांच्या थराची उंची २० सेंटिमीटर. त्यात जेमतेम १६ मिलिलिटर रेझिन बसतं. कारखान्यात याच्या १० हजार पट लागणार असेल, तर? नुसती उंची वाढवली तर नळी २ किलोमीटरची होईल! शिवाय थर जितका उंच, तितका द्रव ढकलायला दाब जास्त.

म्हणून उंची तीच ठेवतात, द्रवाचा वेगही तोच. वाढवतात फक्त रुंदी. व्यास १ मीटर केला की रेझिन बसतं १५७ लिटर. ताशी १५० सेंटिमीटर वेगासाठी छोट्या कॉलममध्ये मिनिटाला २ मिलिलिटर द्रव सोडावा लागतो, इथे २० लिटर. पण थर पार करायला द्रवाला दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो, साधारण ८ मिनिटं.

हिशेब सोपा आहे. गोम आहे ती भिंतीत. अरुंद नळीत मऊ मण्यांचा बराचसा भार भिंत पेलते. मीटरभर रुंद कॉलममध्ये मधल्या मण्यांना हा आधारच नसतो. ते दबतात, फटी बुजतात, दाब चढतो. मग वेग कमी करा, नाहीतर कडक मण्यांचं रेझिन आणा.

द्रव सगळीकडे सारखा पसरायलाही हवा. मध्यभाग पुढे आणि कडा मागे राहिल्या, तर वेगळे झालेले पदार्थ पुन्हा मिसळतात. म्हणून आधी थोडं मिठाचं पाणी सोडून बघतात. ते बाहेर पडतानाचा आलेख नेटक्या टेकडीसारखा आला तर ठीक. लांब शेपूट दिसलं, तर बहुतेक वेळा कॉलम पुन्हा भरावा लागतो. अँटिबॉडीसाठीचं प्रोटीन-ए रेझिन लिटरला काही लाख रुपयांचं. म्हणजे या एका कॉलममध्ये कोट्यवधी रुपये ओतलेले असतात.

त्यामुळे बऱ्याचदा लहान कॉलम घेऊन एका बॅचसाठी तोच धुऊन चार-पाच फेऱ्या चालवतात. वेळ जास्त जातो, पण रेझिन कमी लागतं.