सामाजिक कार्य संशोधन परिषदेतील सहभाग : शोधनिबंध, प्रश्नोत्तरे आणि अनुपस्थित उत्तरदाता

प्रस्तावना :

डिसेंबर ते मार्च हा महाविद्यालयीन जगतात परिषदा व चर्चासत्रांचा हंगाम असतो. सूचनाफलकावर माहितीपत्रके लागतात, गोषवारा पाठविण्याच्या अंतिम तारखा वाढत राहतात आणि प्राध्यापक कक्षात कर्तव्य रजेच्या अर्जांची चर्चा सुरू होते. या सहभागाला गुणांकनाचीही जोड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमात परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधवाचनास ७, देशांतर्गत आंतरराष्ट्रीय परिषदेस ५, राष्ट्रीय परिषदेस ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीवरील परिषदेस २ गुण ठरविण्यात आले. निबंध वाचल्याचा गुण मिळतो. इतरांचे निबंध ऐकल्याचा मिळत नाही, आणि आपल्या निबंधावर विचारलेल्या प्रश्नाचा तर नाहीच नाही. सामाजिक कार्याच्या संशोधनात मात्र हा तिसरा, गुण नसलेला भागच सर्वाधिक मोलाचा असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो का, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

परिषदेची परंपरा :

सामाजिक कार्य ही विद्याशाखा म्हणून आकारास येण्यात परिषदांचा वाटा मोठा आहे. १९२८ मध्ये पॅरिस येथे सामाजिक कार्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले; तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४० पासून ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक निघू लागले. १९४७ मध्ये ‘इंडियन कॉन्फरन्स ऑफ सोशल वर्क’ स्थापन झाली आणि १९५२ मध्ये मद्रास येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ज्या संघटनेच्या नावातच ‘कॉन्फरन्स’ हा शब्द होता, तिच्या संस्थापकांना एकत्र बसून बोलणे हेच एक काम वाटत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कार्यकर्ते, अध्यापक व शासकीय अधिकारी हे तिन्ही घटक एका सभागृहात येणे हे या परिषदांचे वैशिष्ट्य. आजच्या परिषदांत बहुधा अध्यापकच अध्यापकांना निबंध वाचून दाखवितात.

एका प्रश्नाचा अनुभव :

येथे एक वैयक्तिक अनुभव नोंदविणे अप्रस्तुत ठरणार नाही. पूर्णा तालुक्यातील ताडकळस व परिसरातील काही गावांत मी शालेय मुलांची उपस्थिती आणि कुटुंबाची भूमिका या विषयावर एक छोटी पाहणी केली होती. मुलाखत अनुसूची तयार होती, विद्यार्थी सोबत होते आणि हिवाळ्यात सलग काही दिवस मोकळे मिळाले होते. घरांच्या यादीतून ठराविक अंतराने घर निवडावयाचे, आणि निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचे घर घ्यावयाचे, असा नियम आम्ही केला. पाहणी वेळेत पूर्ण झाली. बहुसंख्य मुले शाळेत नियमित जातात, असा निष्कर्ष हाती आला.

हा निबंध घेऊन मी एका परिषदेस गेलो. परभणीहून रात्रीची गाडी, सकाळी नोंदणीची रांग, उद्घाटनास झालेला विलंब आणि त्यामुळे आकसलेली समांतर सत्रे, हे सर्व वाचकांच्या परिचयाचे आहे. प्रत्येकास दहा मिनिटे होती, ती सहावर आली. निबंध वाचून झाला. सत्राध्यक्ष पुढील नाव पुकारणार तोच मागील रांगेतून एका निवृत्त अध्यापिकेने विचारले, “सर, कुलूप असलेल्या घरांचे आपण काय केले?” मी नियम सांगितला. “ते ठीक. पण ती माणसे कुठे गेली होती?” मी म्हणालो, “बहुधा ऊसतोडीला.” त्या एवढेच म्हणाल्या, “मग त्यांची मुले?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. सभागृहात कोणी हसले नाही, कोणी टीकाही केली नाही. परंतु सबंध पाहणीचा पाया त्या तीन प्रश्नांत हलला होता.

ऊसतोडीची रीत मराठवाड्यातील वाचकास सांगावी लागू नये, तरी मुद्द्यासाठी थोडे सांगतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना व्यवहारात ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या फडांवर राहतात. काही मुले सोबत जातात, काही आजी-आजोबांकडे राहतात, काही शासनाच्या हंगामी वसतिगृह योजनेच्या आधाराने गावातच शिकतात. म्हणजे हिवाळ्यात ज्या घराला कुलूप असते, त्याच घरात शाळा सुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. अशा घराऐवजी शेजारचे घर घेणे म्हणजे अभ्यासविषयच नमुन्यातून काढून टाकणे होय. नमुना निवडीच्या पाठ्यपुस्तकात याला प्रतिसादाअभावी येणारी त्रुटी म्हणतात. नमुना लहान असल्याने येणारी त्रुटी नमुना वाढवून कमी होते. ही मात्र होत नाही. शंभर घरांऐवजी हजार घरे घेतली असती, तरी डिसेंबरात कुलूप ते कुलूपच राहिले असते. मीच वर्गात हे शिकवीत आलो होतो, ही गोष्ट येथे लपविण्यात अर्थ नाही.

प्रश्न असा की, हे मला गावात का सुचले नाही? कारण पाहणीच्या सोयीचे दिवस महाविद्यालयाच्या वेळापत्रकाने ठरविले होते, गावाच्या वेळापत्रकाने नव्हे. माझे सहकारीही त्याच वेळापत्रकात जगतात, त्यामुळे त्यांनाही ते खटकले नाही. दुसऱ्या विद्यापीठातील, दुसऱ्या भागात काम केलेल्या व्यक्तीला मात्र पहिल्या मिनिटात दिसले. परिषदेस प्रवास करून जाण्याचे खरे कारण हेच आहे.

व्याख्येबाहेर राहणारी माणसे :

ही बाब एका अध्यापकाच्या छोट्या पाहणीपुरती असती तर लेखाचा विषय झाली नसती. सामाजिक कार्यातील संशोधन कधी कधी थेट न्यायालयात व शासन निर्णयात पोहोचते. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा शोध घेणारा टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर येथील ग्रामीण केंद्राचा अहवाल मार्च २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास सादर झाला. वाढता उत्पादनखर्च आणि कर्जबाजारीपणा यांचा संबंध त्यात मांडला गेला. दुसरीकडे, आत्महत्याग्रस्त कुटुंबास १ लाख रुपयांची मदत देताना शासकीय यंत्रणेने ‘पात्र’ व ‘अपात्र’ असे वर्गीकरण केले. कुटुंबाच्या नावे जमीन आहे काय, कर्ज मान्यताप्राप्त स्रोताचे आहे काय, परतफेड थकली होती काय, हे निकष त्यासाठी लावले गेले. नात्यातून वा दुकानदाराकडून घेतलेले हातउसने, तोंडी बटाईने केलेली जमीन, नावावर सातबारा नसलेली शेतकरी स्त्री या गोष्टी अशा कागदी निकषांत सहजी बसत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानेही २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर यांची नोंद स्वतंत्र दिली. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करताना व्याख्या तपासावी लागते.

संशोधन पद्धतीच्या भाषेत हा कार्यकारी व्याख्येचा प्रश्न आहे. घरात मात्र तो मदत मिळाली की नाही, याचा प्रश्न असतो. एखादा निबंधवाचक केवळ ‘पात्र’ प्रकरणांच्या शासकीय यादीतून नमुना घेऊन शेतकरी आत्महत्यांची कारणे मांडतो, तेव्हा कर्ज हे कारण ठळकपणे येणारच. कारण कर्ज हीच यादीत येण्याची अट होती. हे सभागृहातील कोणी तरी उठून म्हणावे लागते.

सहभागाची तयारी व काही अडचणी :

गोषवाऱ्यात निष्कर्षांपेक्षा पद्धतीला जागा द्यावी, असे वरील अनुभवावरून सुचवावेसे वाटते. पाहणी कोणत्या महिन्यात केली, किती घरे बंद होती, नकार कोणी दिला, स्त्रियांच्या मुलाखतीच्या वेळी घरातील कोण उपस्थित होते, हे चार वाक्यांत येऊ शकते. एवढे लिहिले तर प्रश्न विचारणाऱ्यास धागा मिळतो. आयोजकांनीही सत्कार व मनोगतांना दिलेल्या वेळेतील काही भाग चर्चेकडे वळवावा. एका सत्रात बारा निबंध ठेवण्यापेक्षा पाच ठेवले तर नोंदणी शुल्क कमी जमेल, हे मान्य. पण मग ती परिषद होईल.

भाषेचा मुद्दा थोडा नाजूक आहे. मराठी समाजशास्त्र परिषद व मराठी अर्थशास्त्र परिषद यांनी मराठीतून निबंध वाचण्याची आणि वाद घालण्याची सवय लावली आहे. सामाजिक कार्याच्या परिषदांत मात्र माहितीपत्रकाची भाषा बहुधा इंग्रजी असते. उचल, कोयता, बटाई, हातउसने हे शब्द इंग्रजीत नेताना त्यांच्यातील व्यवहार गळून पडतो, आणि ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापक प्रश्न मनात असूनही गप्प बसतो. निबंध कोणत्याही भाषेत असो, प्रश्न मराठीत विचारण्याची मुभा सत्राध्यक्षांनी आरंभीच जाहीर करावी.

प्रकाशनाची घाई हा दुसरा अडथळा. बहुतेक ठिकाणी पूर्ण निबंध परिषदेपूर्वीच मागविला जातो आणि विशेषांक उद्घाटनाच्या दिवशी प्रकाशित होतो. चर्चेनंतर दुरुस्ती करावयाची तर ती कोठे? माझा निबंधही त्रुटीसह छापून तयार होता. आयोगाची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाल्यानंतर नियतकालिकाची पारख संस्था व अध्यापक यांच्यावर अधिक आली आहे. तेव्हा दुरुस्तीस अवकाश ठेवणारे अंक काढणे महाविद्यालयांना अशक्य नाही. एम.फिल. च्या मौखिक परीक्षेत असे प्रश्न पूर्वी हमखास विचारले जात. २०२२ च्या विनियमाने ती पदवीच बंद झाल्याने तरुण संशोधकास प्रश्नांना सामोरे जाण्याची एक जागा कमी झाली, ही खंत ती पदवी घेतलेल्या माझ्यासारख्यास वाटते. परिषदांनी ती जागा काही अंशी भरून काढावी.

पुनर्पाहणी :

परिषदेहून परतल्यावर मे महिन्यात आम्ही त्याच गावांत पुन्हा गेलो. शाळेला सुटी होती, घरे उघडी होती. आधीची अनुसूची घेऊन बसलो तेव्हा दुसऱ्याच घरात अडचण आली. “मूल शाळेत जाते काय?” या प्रश्नावर त्या बाई म्हणाल्या, “कोणत्या महिन्यात म्हणता, सर?” अनुसूचीत त्यासाठी रकाना नव्हता. त्या संध्याकाळी विद्यार्थ्यांनी प्रत्येक पानावर हाताने बारा चौकटी आखल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली.