अभियोक्त्याचा समारोपाचा युक्तिवाद

फौजदारी खटल्यात पुरावा संपल्यावर सरकारी अभियोक्ता आपल्या पक्षाची बाजू साकल्याने न्यायालयापुढे मांडतो, त्यास समारोपाचा युक्तिवाद म्हणतात. सत्र न्यायालयात प्रथम अभियोक्त्याने बोलावे व आरोपीने उत्तर द्यावे, असा क्रम दंडप्रक्रिया संहिता, १९७३ (कलम २३४) मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (कलम २५७) तोच राखला आहे. आरोपीने कायद्याचा मुद्दा काढल्यास मात्र न्यायाधीशाच्या परवानगीने त्या मुद्द्यापुरते अभियोक्त्यास पुन्हा बोलता येते. कांदिवलीत घडलेल्या खुनाचा खटला दिंडोशी (गोरेगाव) येथील सत्र न्यायालयात चालतो. तेथेही हाच क्रम असतो.

अभियोक्त्याने काय बोलू नये याची स्वतंत्र यादी भारतीय कायद्यात नाही. मर्यादा येतात त्या मुख्यतः पुराव्याच्या कायद्यातून. अभिलेखावर नसलेली गोष्ट, पोलिसांपुढील कबुलीजबाब, आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य (त्याने स्वतः सच्चारित्र्याचा पुरावा दिला नसेल तर) यांवर युक्तिवाद उभारता येत नाही. आरोपीने साक्षीदार म्हणून शपथेवर साक्ष दिली नाही, यावर कोणत्याही पक्षाने अथवा न्यायालयाने भाष्य करावयाचे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्बंध १९६५ मध्ये ग्रिफिन खटल्यात घातला. तेथे ज्यूरी असल्याने अशा भाष्याचा परिणाम अधिक घातक ठरतो. मुंबईतील नानावटी खटल्यात (१९५९) ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने दिलेला निर्दोषत्वाचा कौल पुढे उच्च न्यायालयात टिकला नाही. १९७३ च्या संहितेत ज्यूरीला स्थानच उरले नाही. न्यायाधीशाला निकालाची कारणे लिहावी लागतात. त्यामुळे आपल्याकडे भाषणातील आवेशापेक्षा, त्यातील कोणता तर्क निकालात उतरला, हेच अपिलात तपासले जाते.

हा प्रश्न किती जिवावरचा असू शकतो, हे शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) या खटल्यात दिसले. पुण्यात १९८२ साली झालेल्या पत्नीच्या मृत्यूबद्दल सत्र न्यायालयाने आरोपीस देहांताची शिक्षा दिली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. बचाव खोटा ठरला, तर ती परिस्थितिजन्य पुराव्याच्या साखळीतील आणखी एक कडी मानावी, असे सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले. न्यायालयाने ते अमान्य केले: अभियोग पक्षाने स्वतःच्या पुराव्यावर उभे राहावे, साखळी आधीच पूर्ण असेल तरच खोट्या बचावाचा आधार घेता येईल. तसेच ज्या परिस्थितीविषयी आरोपीस प्रश्न विचारून खुलाशाची संधी दिलेली नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. आरोपी निर्दोष सुटला. ‘असू शकेल’ व ‘असलेच पाहिजे’ यांतील जे अंतर याच न्यायालयाने शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात (१९७३) दाखविले होते, ते येथे निर्णायक ठरले.

फिर्यादीने नेमलेल्या खाजगी वकिलास सत्र न्यायालयात हे भाषण करता येत नाही. तो अभियोक्त्याच्या निदेशानुसार काम करतो व पुरावा संपल्यावर, न्यायालयाने परवानगी दिल्यास, लेखी युक्तिवाद सादर करू शकतो. शिवकुमार विरुद्ध हुकमचंद (१९९९) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने याचे कारण दिले आहे: काहीही करून शिक्षा मिळविणे हे अभियोक्त्याचे काम नव्हे, आणि आरोपीच्या बाजूची वस्तुस्थितीही त्याने न्यायालयापासून लपवू नये.