गोठलेलं ग्रीस, निर्दोष भिंग

अ‍ॅग्फा आयसोलेटबद्दल एक तक्रार कायम ऐकू येते: फोटो धूसर येतात, भिंगात दम नाही. मला हा त्या भिंगावर अन्याय वाटतो. म्युनिकच्या कारखान्यातून १९५०च्या दशकात बाहेर पडलेल्या या घडीच्या कॅमेऱ्यांचं भिंग बहुधा शाबूत असतं. दगा दिलेला असतो त्यातल्या ग्रीसने.

आधी कॅमेऱ्याची रचना पाहू. बटण दाबलं की पुढची फळी खाली पडते आणि भिंग व शटर पुढे येतात. भिंग आणि फिल्म यांच्यामधली जागा अंधारी ठेवायला हार्मोनियमसारखा घड्यांचा भाता असतो. आत १२० नंबरचा रोल. कोडॅकने १९०१ मध्ये आणलेला हा रोल आजही नवा मिळतो. आयसोलेटमध्ये त्यावर ६ × ६ सेंटिमीटरचे १२ फोटो येतात. बडोद्याला बनणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीलाही हाच रोल लागायचा. जुन्या अल्बममधले चौकोनी फोटो आठवत असतील तर हा आकार तुमच्या ओळखीचा आहे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून जास्त क्षेत्रफळ मिळतं, आणि घडी मिटली की कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो.

आता ग्रीसकडे वळू. आयसोलेटचं अ‍ॅपोटार भिंग तीन काचांचं आहे. फोकस करताना अख्खं भिंग हलत नाही, फक्त पुढची काच आट्यांवर फिरते. ती बाहेर आली की जवळचं स्पष्ट होतं, आत गेली की लांबचं. त्या आट्यांना कारखान्यात लावलेलं ग्रीस वर्षानुवर्षं वाळून हिरवट सरसासारखं घट्ट होतं. मग अंतराची कडी फिरतच नाही. कोणी जोर लावला तर पुढची आणि मधली काच एकमेकींना चिकटलेल्या अवस्थेत एकत्र फिरतात. म्हणजे मधली काच शटरमधून उसवत जाते आणि कडीवरच्या मीटरच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. अशा कॅमेऱ्यातून धूसर फोटो येणारच.

इलाज घाईचा नाही. कडीच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. ते पूर्ण काढू नका, सैल करा आणि कडी उचला. चिकटलेल्या दोन्ही काचा पितळी चौकटीसकट एकत्र फिरवून बाहेर काढा. आट्यांच्या फटीत लायटर फ्लुइडचे थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी हेअर ड्रायरने गरम करा, दोन्ही बाजू रबराच्या तुकड्यात धरा आणि सावकाश पिळा. नाही सुटलं तर पुन्हा थेंब, पुन्हा ऊब. पक्कड मात्र लावायची नाही; पितळ मऊ असतं, चौकट वाकली की आटे कायमचे गेले. सुटताना एक काळजी घ्या: या आट्यांना सुरुवातीची तोंडं एकाहून जास्त असतात, म्हणून काच कुठे सुटली तिथे पेन्सिलीने खूण करा. जुनं ग्रीस दात कोरायच्या काडीने आणि लायटर फ्लुइडने निपटून काढा, नवं ग्रीस अगदी पातळ लावा.

काचा परत बसवल्यावर फोकस नव्याने जुळवावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत याहून महत्त्वाचं काम नाही. मागचं दार उघडून, फिल्म जिथे टेकते तिथे घासलेल्या काचेची पट्टी खरबरीत बाजू भिंगाकडे करून ठेवा. शटर ‘बी’वर उघडं धरा, छिद्र पूर्ण उघडा आणि अर्धा-एक किलोमीटर लांबच्या टॉवरवर कॅमेरा रोखा. काचेवर उलटा टॉवर दिसेल. बहिर्गोल भिंगातून तो पाहत पुढची काच फिरवत राहा. चित्र सगळ्यात रेखीव झालं की काच न हलवता कडी अनंताच्या खुणेवर ठेवा आणि स्क्रू आवळा.

भात्याची तपासणी अंधाऱ्या खोलीत होते. आत छोटा टॉर्च घालून भाता सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा. युद्धानंतरच्या अ‍ॅग्फाचे भाते कोपऱ्यांवर विरतात, आणि चांदण्यासारखे ठिपके दिसले तर आश्चर्य नको. एखाददुसरं भोक लवचिक काळ्या रंगाने बुजतं. प्रत्येक कोपरा विरला असेल तर नवा भाताच बसवावा. ज्यांना हे नको त्यांनी झाइस इकॉनचा नेटार किंवा इकॉन्टा शोधावा, त्यांचे भाते सहसा टिकलेले असतात.

शटरबाबत हात आखडता ठेवावा. एक सेकंदाचा वेग अडखळत असेल तर दोष मंद वेगांच्या दातेरी चाकांत असतो. १/१०० नीट चालत असेल तर दिवसाउजेडी काम भागतं. शटरच्या पात्यांना तेल कधीही लावू नये, पाती चिकटतात. सेल्फ-टायमरलाही हात लावू नये. तो अडकला तर शटर अर्धवट थांबतं.

फोटो काढताना दोन सवयी हव्यात. कॅमेरा फटकन उघडला की भात्यात हवा ओढली जाते आणि फिल्म पुढे खेचली जाते. म्हणून हळू उघडायचं, आणि उघडल्यावरच रोल पुढच्या आकड्यावर न्यायचा, म्हणजे फिल्म ताठ बसते. तो आकडा मागच्या लाल खिडकीतून दिसतो. लाल प्रकाश न दिसणाऱ्या जुन्या फिल्मला ही खिडकी निर्धोक होती. आजच्या फिल्मला लालही दिसतो. तेव्हा रोल सावलीत फिरवावा आणि खिडकी लगेच झाकावी.

उन्हात आयएसओ १०० च्या फिल्मसाठी एफ १६ आणि १/१०० चालतं. ७५ मिलिमीटरचं भिंग एफ ११ वर १० मीटरला लावलं की साधारण ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं; रस्त्यावर, गडावर एवढं पुरतं.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि काचेवर बुरशी चढते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल बरं.

पहिला रोल चाचणीचा समजा. छिद्र मोठं ठेवून लांबची इमारत आणि मोजलेल्या अंतरावरची भिंत, दोन्ही टिपा. अंतर वहीत लिहा. इमारत धूसर आणि तिच्या अलीकडचं झाड रेखीव असेल तर पुढची काच किंचित आत घ्यायची आहे. तीन मीटरची खूण लावून चार मीटरवरचं स्पष्ट आलं तर किंचित बाहेर. आणि चौकटीची एकच बाजू धूसर असेल तर भिंगाला हात लावू नका, भिंग धरून ठेवणारे दांडे वाकले आहेत का ते पट्टीने मोजा.