घरी बसलेले बाबा

परवाच्या रविवारी मुलगा, सून आणि ३ वर्षांची नात डोंबिवलीला आली. जेवणं आटोपल्यावर चिरंजीवांनी लॅपटॉप उघडला आणि जाहीर केलं, "बाबा, ४२व्या वर्षी नोकरी सोडायची असं ठरवलंय. मग सगळा वेळ हिच्यासाठी." तो आज ३३ वर्षांचा आहे. माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली.

हिशेब त्याने चोख मांडला होता. घरखर्च महिना ८० हजार, म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. त्याच्या २५ पट, म्हणजे २ कोटी ४० लाख जमले की माणूस मोकळा. हा २५ पटींचा आकडा आला कुठून, हे मी त्यालाच विचारलं. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून ताळा मांडला होता. पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्यायची, तर पैसा ३० वर्षं पुरतो. साठीत निवृत्त होणाऱ्या अमेरिकन माणसाला ते ठीक आहे. ४२व्या वर्षी घरी बसणाऱ्याने ७२व्या वर्षी काय करायचं?

हे विचारायचा मला अधिकार आहे, कारण मी ४१व्या वर्षीच घरी बसलो.

२००० सालच्या उन्हाळ्यात आमच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ऐच्छिक निवृत्तीची नोटीस लागली. मुलगा तेव्हा ८ वर्षांचा, मुलगी ३ वर्षांची. लोकलची गर्दी आणि ओव्हरटाइम यांतून सुटून घरी पोचेपर्यंत दोघं झोपलेली असत. जागेपणी मी त्यांना रविवारीच दिसायचो. ५ लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त होती. फॉर्मवर सही केली आणि घरी येऊन हिला सांगितलं. होय, आधी सही आणि मग सांगणं. ही शाळेत शिक्षिका. "अहो, मला विचारायचंत तरी," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी धरून साडेआठ लाख हाती आले. त्यातले ६ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत घातले. दोघांच्या नावावर तेवढेच ठेवता येत. व्याज ११ टक्के, म्हणजे महिन्याला ५ हजार ५०० रुपये. वाटलं, जिंकलो! मुदत ६ वर्षांची होती. मधल्या काळात दर उतरत ८ टक्क्यांवर आला आणि २००६ मध्ये तेच ६ लाख पुन्हा ठेवले, तेव्हा महिन्याला ४ हजारच पडू लागले. नेमका त्याच वर्षी मुलगा नववीत गेला. क्लासची फी, सायकल, पुस्तकं. लहान मुलांचा खर्च लहान असतो, या समजुतीवर मी हिशेब केला होता. २०१० मध्ये इंजिनिअरिंगची फी भरताना हिच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या. खरं सांगायचं तर घर चाललं ते हिच्या पगारावर. लोक मला निवृत्त म्हणत. त्या निवृत्तीचा खर्च हिने केला.

मग मिळालं काय? मुलीला बोट धरून बालवाडीत नेलं. कुकर लावायला शिकलो, तिच्या वेण्या घालायला शिकलो (वाकड्या पडत, पण ती तशीच जाई). शाळेतून आली की दारातच सगळं सांगायची, कोणी कोणाची पेन्सिल मोडली, कोण रडलं. शेजारी खोचकपणे विचारत, "काय, हल्ली घरीच?" मुलाने शाळेच्या वहीत वडिलांच्या व्यवसायापुढे 'घरी बसतात' असं लिहिलं होतं. ते झोंबलं, अजूनही झोंबतं. पण त्या सहा-सात वर्षांतला एकही दिवस मी परत देणार नाही. मुलगी सहावीत गेली आणि मैत्रिणींकडे पळायला लागली. बाबा घरी असले काय नि नसले काय, तिला सारखंच झालं.

म्हणूनच मुलाच्या तक्त्यातली वयाची ओळ मला सर्वांत जास्त खटकली. तो ४२चा होईल तेव्हा नात १२ वर्षांची असेल. ती आज ज्या वयाची आहे, ती वर्षं तो शनिवारीही जादा काम घेऊन पैसा जमवण्यात घालवणार, आणि मोकळा होईल तेव्हा ही मैत्रिणींकडे! शिवाय महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. ९ वर्षांनी त्याच्या २ कोटी ४० लाखांचे ४ कोटींच्या वर जातात. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो. आणि नातीचं सुकन्या समृद्धीचं खातंही त्याने स्वतःच्या पुंजीत धरलं होतं. तिच्या शिक्षणाच्या पैशांवर आईबापांनी जेवायचं?

तो गप्प बसून ऐकत होता. नात माझ्या मांडीवर झोपून गेली होती. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "सुनेला विचारलंयस का?" सून हसली, म्हणजे विचारलेलं नव्हतं.

निघताना त्याने तक्त्यात आरोग्य विम्याची एक ओळ वाढवली, सुकन्याचा आकडा वजा केला आणि ४२च्या जागी ४५ लिहिलं. शनिवारच्या जादा कामाचं काय करायचं ते घरी गेल्यावर दोघं बसून ठरवतो म्हणाला. झोपलेल्या नातीला खांद्यावर घेऊन तो जिना उतरला. लॅपटॉपची पिशवी सुनेकडे होती.