मातीतलं औषध आणि जावेची केमो

मैत्रिणींनो, आमच्या पिंगळीत बचतगटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, मातीतल्या जंतूंपासून कॅन्सरचं औषध निघालंय म्हणे. मग जावेची केमो थांबवायची का?" मी आर्ट्‌सची, पण जमेल तेवढं वाचून काढलं.

बातमी अगदीच पोकळ नाही. बीजप्रक्रियेत वापरतात तो बॅसिलस सबटिलिस हा मातीतला जिवाणू सरफॅक्टिन नावाचा पदार्थ तयार करतो. जपानी शास्त्रज्ञांनी तो १९६८ साली जगापुढे आणला. प्रथिनासारखी छोटी साखळी अन् तिला चरबीची शेपटी, म्हणून नाव लिपोपेप्टाइड. काम साबणासारखं. काही विषाणूंचं चरबीचं आवरण तो फोडतो, प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशीही मारतो. पण मेला आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीसुद्धा फोडतो! म्हणून कॅन्सरचं औषध तो अजून झालेला नाही. त्याच जातीतलं डॅप्टोमायसिन अमेरिकेत २००३ साली मंजूर झालं, तेही जिवाणूंच्या संसर्गावर.

आणि गंमत बघा, जावेला सलाइनमधून देतात ते लाल डॉक्सोरुबिसिन, तेही इटलीच्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्याच घराण्यातलं! मी तिला म्हटलं, "अगं, मातीतलं औषध ती घेतेच आहे की. पुढची तारीख कधीची?"

सोमवारची आहे. सोबत मी जाणार आहे.